वाचलेले पुस्तक दुसऱ्याच्या हाती देताना

ग्रंथालयाच्या देव-घेव विभागात पुस्तक परत करत असताना मागे उभ्या असलेल्या वाचकाने ‘कसं आहे हो हे?’ असे विचारले, की आपल्यापैकी बहुतेकांच्या तोंडून ‘छान आहे, वाचा’ एवढेच निघते. पुण्यातल्या पेठेतल्या एका जुन्या ग्रंथालयात दर महिन्याला आमचा वाचकमेळावा भरतो आणि तिथे अलीकडे वाचलेल्या कादंबऱ्या व आत्मचरित्रे सुचवण्याचे काम गेली काही वर्षे माझ्याकडे आहे. तरीही हे उत्तर माझ्याही तोंडून सुटत असे. एकदा एका बाईंना मी एक आत्मचरित्र असेच ‘छान आहे, हलकंफुलकं आहे’ म्हणून दिले. पूर्वार्ध तसा होताच. मात्र उत्तरार्धात लेखिकेच्या पतीच्या आजारपणाची आणि रुग्णालयातल्या रात्रींची साठ-सत्तर पाने होती, आणि या बाईंचे यजमान त्याच सुमारास अतिदक्षता विभागातून घरी आलेले होते. तिसऱ्या दिवशी पुस्तक टेबलावर ठेवत त्या एवढेच म्हणाल्या, ‘तुम्ही शेवटपर्यंत वाचलं होतंत ना?’ मी वाचले होते. समोरच्याला काय सांगायला हवे, याचा विचार मात्र केला नव्हता.

तेव्हापासून मी स्वतःपुरता एक नियम केला आहे. पुस्तक चांगले की वाईट, हा निवाडा वाचकाने घरी जाऊन करावा. ते पुस्तक त्याच्याकडून काय मागते आणि त्याला काय देते, हे त्याने पिशवीत टाकण्यापूर्वी त्याला कळावे, एवढी व्यवस्था सुचवणाऱ्याने करावी. पुढे जे लिहिले आहे ते याच एका गोष्टीसाठी आहे.

तयारी वाचतानाच सुरू होते. पोस्टकार्डाएवढा एक कागद खूण म्हणून पुस्तकात ठेवावा आणि त्यावर पृष्ठक्रमांक व पुढे तीन-चार शब्द, एवढेच टिपत जावे. ग्रंथालयाच्या पुस्तकात पेन्सिलनेही खुणा करू नयेत हे खरे तर सांगावे लागू नये, पण आमच्याकडच्या जुन्या प्रतींचे समास पाहिले की सांगावेसे वाटते. टिपायचे ते असे: पुस्तक बाजूला ठेवावेसे पहिल्यांदा कुठे वाटले, कोणत्या पानानंतर ते हातातून सुटेना, मोठ्याने वाचून दाखवण्याजोगा परिच्छेद कोणता आणि एखाद्या वाचकाला जड जाईल असे आजारपण, मृत्यू, हिंसा किंवा अपमानाचे वर्णन कुठे व किती लांबीचे आहे. यांतली पहिली नोंद सर्वांत उपयोगाची ठरते. ‘पहिली चाळीस पाने गावाची आणि भाऊबंदकीची माहिती देण्यात जातात, तेवढी धीराने वाचा’ असे सांगितलेला वाचक पंचविसाव्या पानावर पुस्तक परत आणत नाही, असा माझा अनुभव आहे.

पुस्तक संपले त्याच रात्री शिफारस लिहायला बसू नये. आठवडाभर थांबून, टिपणाचा कागद न पाहता काय आठवते ते आधी लिहावे आणि मग तो कागद काढावा. भारावलेपण ओसरल्यावर जे प्रसंग उरतात तेच सांगण्यासारखे असतात.

त्यानंतर शीर्षकपृष्ठ आणि त्याच्या मागचे पान नीट पाहावे. पहिली आवृत्ती कोणत्या साली निघाली आणि हातातली आवृत्ती कितवी आहे, पुस्तक मूळ मराठी आहे की अनुवाद, अनुवाद असल्यास तो कोणाचा, आत्मचरित्र स्वतः लिहिलेले आहे की दुसऱ्या कोणी त्याचे शब्दांकन केले आहे, हा मजकूर तिथे छापलेला असतो आणि आपण तो न वाचताच पान उलटतो. अनुवादकाचे नाव न घेता अनुवादित कादंबरी सुचवणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते, कारण वाचकाला आवडलेले वा खटकलेले मराठी अनुवादकाचे असते. जुन्या गाजलेल्या पुस्तकांच्या संक्षिप्त आवृत्त्याही कपाटात असतात. आपण पूर्ण वाचलेले आणि समोरच्याने नेलेले पुस्तक एकच आहे ना, हे म्हणूनच तपासून घ्यावे.

कादंबरीबद्दल बोलताना कथानक किती सांगावे, याला माझे उत्तर ठरलेले आहे: पहिल्या चतुर्थांशाच्या पुढे जाऊ नये. भालचंद्र नेमाड्यांची 1963 सालची ‘कोसला’ सुचवायची झाली, तर पांडुरंग सांगवीकर हा खानदेशातल्या खेड्यातला मुलगा शिकायला पुण्यात येतो, वसतिगृहात राहतो आणि स्वतःची गोष्ट स्वतःच सांगतो, एवढे कथानक पुरे. त्यापेक्षा सांगण्याची रीत कशी आहे ते सांगावे: मध्ये डायरीच्या नोंदी येतात, विनोद कोरडा आहे आणि घटनांमागून घटना घडाव्यात अशी अपेक्षा धरणाऱ्याला ती रेंगाळल्यासारखी वाटू शकते. (पुण्यात ही कादंबरी न वाचलेला माणूस सापडणे कठीण आणि वाचली नाही असे कबूल करणारा त्याहून कठीण, त्यामुळे ‘पुन्हा वाचा’ असे म्हणणे सोयीचे पडते.)

कादंबरीचा विषय आणि वाचकाचे घर यांच्यात दुवा असेल तर तो दाखवावा; पुरस्कारांच्या यादीपेक्षा त्याचा उपयोग जास्त होतो. विश्वास पाटलांची ‘झाडाझडती’ ही धरणग्रस्तांची कादंबरी 1991 साली आली आणि तिला 1992 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, ही माहिती खरी असली तरी तिने कोणी कपाटाकडे वळत नाही. आमच्या मेळाव्यात मुळशीच्या धरणाविरुद्ध 1921 साली सुरू झालेल्या सत्याग्रहाचा उल्लेख निघाला आणि ज्यांच्या घराण्यांची गावे कुठल्या ना कुठल्या जलाशयाखाली गेलेली होती असे दोन वाचक आपण होऊन बोलू लागले. त्यांतल्या एकाला मी कादंबरी दिली आणि दुसऱ्याला मुद्दाम दिली नाही, कारण त्याच्या बोलण्यावरून ते दुःख अजून ओले असल्याचे जाणवत होते. त्याने पुढे स्वतःच मागितली तेव्हा दिली.

आत्मचरित्रांचे काम अधिक नाजूक असते आणि त्यावर थोडे थांबायला हवे. आत्मचरित्र, आत्मकथन आणि आठवणी हे शब्द आपण एकमेकांच्या जागी वापरतो आणि ग्रंथालयातही ती सारी बहुधा ‘चरित्र-आत्मचरित्र’ या एकाच कपाटात असतात. पण जन्मापासून उतारवयापर्यंतची संगतवार हकीकत हवी असलेल्या वाचकाच्या हाती सुट्या आठवणींचे पुस्तक पडले की त्याची निराशा होते. म्हणून आयुष्याचा कोणता तुकडा यात आला आहे, हे पहिल्या वाक्यातच सांगावे. बोलणारा कोण आहे हेही सांगावे. दया पवारांच्या ‘बलुतं’मध्ये (1978) शिकून शहरात स्थिरावलेला लेखक आणि त्याच्याच आतला दगडू मारुती पवार यांचा संवाद चालतो, ही रचना आधी ठाऊक असली तर सुरुवातीला गोंधळ होत नाही आणि एकाच माणसाने स्वतःला असे दोन ठिकाणी का उभे केले असेल, हा प्रश्न वाचक पहिल्या पानापासून बरोबर घेऊन चालतो. अशा आत्मकथनांची शिफारस करताना ‘फार दाहक आहे’ यासारखे गुळगुळीत झालेले शब्द टाळावेत आणि मुंबईच्या कावाखान्यातल्या वस्तीचे किंवा गावच्या महारवाड्यातले एखादे दृश्य थोडक्यात सांगावे.

लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ मोठ्याने वाचून दाखवली की आपली शिफारस आपणच करतात, कारण ती बोलीच्या लयीत लिहिलेली आहेत. वडिलांच्या सोवळ्याच्या वेडाबद्दलचा मजकूर मी एकदा मेळाव्यात दीडेक मिनिट वाचला. हसू आले, आणि हसता हसता त्या घरातल्या बायकांचे किती हाल होत असतील हे लक्षात येऊन मागच्या रांगेतली कुजबूज थांबली. पुस्तकाची जात वाचकाला तिथेच कळली. नवऱ्याचे धर्मांतर आणि त्यानंतरची वर्षे यांविषयी मला काही सांगावे लागले नाही. वाचनासाठी उतारा निवडताना तो दोन मिनिटांच्या आत संपेल, मागचा-पुढचा संदर्भ न देता समजेल आणि पुस्तकाच्या शेवटच्या भागातला नसेल, एवढे पाहावे. घरी एकदा घड्याळ लावून वाचून घ्यावे. मनातल्या मनात वाचताना दीड मिनिट वाटणारे पान सभागृहात तीन मिनिटे घेते.

पुण्यासारख्या गावात आत्मचरित्रांबाबत आणखी एक पथ्य पाळावे लागते. पुस्तकातली माणसे खरी असतात, त्यांचे आप्त अनेकदा याच गावात राहतात, आणि ‘ते पृष्ठ एकशे बाराचे गृहस्थ म्हणजे आमच्या आळीतलेच’ असे कोणीतरी म्हणाले, की पुढची वीस मिनिटे पुस्तक बाजूला राहते. सुचवणाऱ्याने असे धागेदोरे स्वतः तर उकलू नयेतच, शिवाय चर्चा तिकडे वळली तर लेखकाने काय लिहिले आहे याकडे ती परत आणावी. एखाद्या प्रसंगाची लेखकाने दिलेली बाजू एकतर्फी वाटली असेल, तर ‘हे लेखकाचे म्हणणे आहे’ एवढे स्पष्टपणे सांगणे पुरेसे असते.

लेखी शिफारस साठ ते ऐंशी शब्दांची असावी. आमच्या फलकावर मी लावलेली एक चिठ्ठी नमुन्यादाखल देतो:

‘रणांगण’, विश्राम बेडेकर. कादंबरी, पहिली आवृत्ती 1939. युरोपातून निघालेल्या बोटीवरचे काही दिवस. एक मराठी तरुण आणि हिटलरच्या जर्मनीतून परागंदा झालेली एक ज्यू तरुणी. छोटेखानी आहे, पण एका बैठकीत वाचू नये. नायकाचा आरंभीचा कडवटपणा खटकेल. तो तसाच असू द्यावा. जुन्या मराठीची धास्ती नको, भाषा आजही ताजी आहे. प्रेमकथा म्हणून नेणाऱ्यांना युद्धाची सावली अपेक्षेपेक्षा दाट वाटेल. शेवटाबद्दल कोणाला विचारू नये.

पुणेकराला सल्ला दिलेला आवडत नाही, माहिती दिलेली चालते. म्हणून चिठ्ठीत ‘अवश्य वाचा’, ‘चुकवू नये असे’ हे शब्द मी घालत नाही.

समोरासमोर सुचवताना आधी विचारावे. ‘काकू, गेल्या महिन्यात नेलेलं कोणतं पुस्तक तुम्ही शेवटपर्यंत वाचलंत?’ या प्रश्नाने जे कळते ते ‘तुम्हाला काय आवडतं?’ असे विचारून कळत नाही, कारण आवडीनिवडी सांगताना माणूस थोडा सजून बोलतो. एस. आर. रंगनाथन यांनी 1931 साली मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांत प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक अशी दोन सूत्रे आहेत, आणि चौथे सूत्र वाचकाचा वेळ वाचवा असे आहे. सुचवणाऱ्याला या तिन्हींचा सांभाळ एकाच वेळी करावा लागतो. आमच्या सभासदांत ज्येष्ठ नागरिक पुष्कळ असल्यामुळे टाइप किती बारीक आहे, बांधणी उलगडून सपाट राहते का आणि आडवे पडून वाचताना मनगटाला पेलेल इतके वजन आहे का, हेही मी पाहतो. सहाशे पानांची उत्तम कादंबरी केवळ वजनामुळे न वाचता परत आल्याचे मी पाहिले आहे.

पुस्तक सुचवण्याआधी किती प्रती उपलब्ध आहेत, हे ग्रंथपालांना विचारून घ्यावे. एकच प्रत असेल आणि ती पंधरा दिवसांसाठी मिळत असेल, तर मेळाव्यातल्या सहाव्या इच्छुकाच्या हाती ती अडीच महिन्यांनी पडते, आणि तोपर्यंत आपण काय बोललो होतो हे त्याच्या लक्षात राहत नाही. यावर उपाय म्हणून मी जोडीने पुस्तके सुचवतो. ‘रणांगण’ बाहेर गेलेले असेल तर त्याच बेडेकरांचे ‘एक झाड आणि दोन पक्षी’ हे आत्मचरित्र न्यावे, ज्याला 1985 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. तरुणपणी कादंबरी लिहिणारा माणूस उतारवयात स्वतःकडे कसा पाहतो, हे एकापाठोपाठ एक वाचण्यात निराळीच मजा आहे.

न आवडलेल्या पुस्तकाबद्दल बोलू नये, असे मला वाटत नाही. फक्त ते कितव्या पानावर सोडले हे सांगावे आणि पूर्ण वाचल्याचा आव आणू नये. मित्राचे किंवा परिचिताचे पुस्तक सुचवताना ती ओळख आधी सांगून टाकावी.

शेवटी, चिठ्ठीखाली दोन-तीन ओळी मोकळ्या ठेवाव्यात आणि पुस्तक परत करणाऱ्याने तिथे एखादे वाक्य लिहावे, अशी विनंती करावी. आमच्या अभिप्राय-वहीत एका कादंबरीवरच्या माझ्या चांगल्या ऐंशी शब्दांच्या मजकुराखाली कोणीतरी पेन्सिलने लिहिले आहे: ‘टाइप फार बारीक. दुपारी खिडकीशी बसून वाचावे. प्रकरण नऊ आधी वाचले तरी बिघडत नाही.’ पुढच्या चार वाचकांनी ती कादंबरी नेताना माझ्याऐवजी या ओळींचाच हवाला दिला.