पन्नाशीनंतर पुन्हा रिकर्व्ह हाती घेताय? या चुका टाळा

ऑगस्ट लागला की अमेरिकेतल्या मिशिगनमधल्या आमच्या धनुर्विद्येच्या रेंजवर पन्नाशी-साठीतले नवे चेहरे दिसायला लागतात. तसे ते धनुष्याला नवखे नसतात. विशी-पंचविशीत भरपूर बाण मारलेले असतात, मग नोकरी, मुलं, घराचे हप्ते यांत सगळं मागे पडलेलं असतं. त्यांत आपली मराठी माणसंही असतात, शाळेत असताना अमरावतीला किंवा साताऱ्याकडे बांबूचं धनुष्य ओढलेली. या वयात कोणी परत रिकर्व्हकडे, म्हणजे टोकं पुढे वळलेल्या साध्या धनुष्याकडे वळलं की मला मनापासून आनंद होतो. म्हणूनच दर वर्षी त्याच त्या चुका बघून जीव तुटतो. इथे १ ऑक्टोबरला हरणाच्या शिकारीचा धनुष्याचा हंगाम उघडतो आणि ऑगस्टमध्ये आलेल्या प्रत्येकाला ऑक्टोबरात शिकारीसाठी झाडावरच्या मचाणावर चढायचं असतं. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. पुढे ज्या चुका लिहितोय त्यांतल्या बहुतेकांचं मूळ या घाईतच आहे.

पंचविशीतले पाउंड साठीत ओढणं

ही चूक मी सगळ्यात वर ठेवतो, कारण बाकीच्या अर्ध्या चुका हिच्याच पोटी जन्मतात. "मी पूर्वी पंचावन्नचं धनुष्य मारायचो" असं म्हणत माणूस दुकानात जातो आणि पंचावन्नचंच घेऊन येतो. दुकानात एकदा ओढून बघितलं की ते जमतंही. पण एकदा ओढणं वेगळं आणि तासभर, प्रत्येक वेळी गालाशी हात स्थिर ठेवून ओढणं वेगळं.

धनुष्यावर '५० @ २८' असं लिहिलेलं असतं. म्हणजे दोरी २८ इंच ओढली की बोटांवर ५० पाउंड येतात. त्यापुढच्या प्रत्येक इंचाला साधारण दोन-तीन पाउंड वाढतात. तुमचे हात लांब असतील तर पन्नासचं धनुष्य तुमच्यासाठी पंचावन्नचं असतं आणि तुम्हाला ते ठाऊकही नसतं. कंपाउंडवरून, म्हणजे चाकांच्या धनुष्यावरून आलेल्यांची फसगत तर आणखी मोठी. साठ पाउंडांच्या कंपाउंडमध्ये पूर्ण ओढल्यावर बहुतेक भार चाकं उचलतात, बोटांवर बारा-पंधरा पाउंडच राहतात. रिकर्व्हमध्ये पूर्ण ओढलेल्या क्षणीच भार सगळ्यात जास्त असतो आणि नेम नेमका तेव्हाच धरायचा असतो.

शिवाय खांदा. स्नायू काही आठवड्यांत तयार होतात, कंडरांना (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्यांना) महिने लागतात. त्यामुळे माणसाला वाटतं की जमतंय, आणि आत रोटेटर कफ (खांद्याभोवतीचे स्नायू आणि कंडरा) कुरकुरत असतो. पन्नाशीनंतर तो एकदा दुखावला की अख्खा हंगाम जातो, कधी कधी दोन.

मी सगळ्यांना एकच सांगतो: सुटे लिम्ब (धनुष्याचे वाकणारे हात) बसवता येतील असा रायझर (मधला मुठीचा भाग) घ्या आणि २५ ते ३० पाउंडांच्या लिम्बपासून सुरुवात करा. जानेवारीत, ऑगस्टमध्ये नाही. पूर्ण ओढून, अँकरला, म्हणजे गालावरच्या ठरलेल्या जागी हात टेकवून दहा सेकंद न थरथरता थांबता आलं आणि असं सत्राच्या शेवटीही जमलं, तरच पुढचे लिम्ब. पाच पाउंडांच्या वर एका वेळी उडी नको. "इतक्या हलक्या धनुष्याने हरीण पडेल का?" हा प्रश्न ठरलेला असतो. पंचवीसने मुळीच मारू नका, ते सरावाचं धनुष्य आहे. पण स्वतःच्या ओढीला ४० ते ४५ पाउंड, दर पाउंडाला दहा ग्रेन (बाणाच्या वजनाचं एकक) या हिशेबाने जड बाण आणि दाढी करता येईल इतकी धार असलेलं दोन पात्यांचं ब्रॉडहेड (शिकारीच्या बाणाचं टोक), एवढं व्हाइट-टेल हरणाला पुरेसं आहे. साठ पाउंडांचा चुकीच्या जागी लागलेला बाण काही कामाचा नाही.

याचं उदाहरण मी डोळ्यांनी पाहिलंय. मोटारीच्या कारखान्यातून निवृत्त झालेला, साठी ओलांडलेला एक सभासद. तरुणपणी खरंच चांगला मारायचा. मे महिन्यात पंचावन्नचं धनुष्य घेऊन आला. मी आणि आणखी दोघा-तिघांनी परोपरीने सांगितलं, लिम्ब उसने द्यायची तयारी दाखवली. तो हसून "बघू" म्हणाला. जुलैपर्यंत त्याचा हात गालापर्यंत यायचाच बंद झाला होता. हनुवटीच्या चार बोटं पुढे आला की बाण सुटायचा. त्याला वाटायचं ही आपली शैली आहे. ती शैली नव्हती, दमलेल्या पाठीने काढलेली पळवाट होती.

ऑक्टोबरात एका संध्याकाळी त्याचा फोन आला, हरणाला बाण लागलाय, माग काढायला या. पंचवीस यार्डांवरून मारलेला, बरगड्यांच्या बराच मागे लागलेला. आम्ही पोचलो तेव्हा बाण बीचच्या पानांत पडलेला होता. दिव्याच्या उजेडात बघितलं तर पिसांवर रक्त कमी आणि हिरवट-तपकिरी चिकटा जास्त. वास घेतला आणि कळलं: पोटात लागलाय. अशा वेळी आठ ते बारा तास जागचं हलायचं नाही, हा नियम आहे. पोटात लागलेलं हरीण थोडं पुढे जाऊन बसतं आणि उठवलं नाही तर तिथेच मरतं. पण हा गडी बाण सोडल्या सोडल्या खाली उतरून हरणाच्या मागे धावला होता. पहिली बसलेली जागा शंभर पावलांवर सापडली, गवत दबलेलं, मधोमध तळहाताएवढा डाग. तिथून त्याने हरणाला उठवलं होतं. पुढे रक्त नखाएवढ्या थेंबांवर आलं, मग तेही संपलं. शेवटच्या थेंबाशी फांदीला टॉयलेट पेपरचा तुकडा बांधून मीच सगळ्यांना परत फिरवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी पट्ट्याला बांधलेल्या, माग काढायला शिकवलेल्या कुत्र्याने ते दलदलीच्या कडेला शोधलं. कोयोटींनी मागचा भाग खाल्ला होता, मांस वाया गेलं होतं. त्या जनावराच्या रात्रभराच्या यातना मे महिन्यातल्या त्या खरेदीत सुरू झाल्या होत्या, असं मी आजही मानतो.

फुप्फुसात लागलेला असला तरी किमान अर्धा तास थांबायचं. आणि जनावर आडवं उभं असेल किंवा थोडं पलीकडे तोंड करून असेल तेव्हाच बाण सोडायचा. समोरून तोंड करून उभं असेल तर नाही, कितीही जवळ असलं तरी नाही.

टार्गेट पॅनिक लपवणं

नेम डाव्या-उजव्या बाजूने ठिपक्याकडे येतो आणि त्यावर टेकायच्या आत बोटं आपोआप उघडतात. किंवा नेम ठिपक्याच्या खालीच अडकतो, वर जातच नाही. हे टार्गेट पॅनिक. लोकांना याची लाज वाटते, म्हणून ते नवी दोरी, बोटं झाकणारा नवा टॅब, नवे बाण घेत सुटतात. दुखणं सामानात नसतंच.

इलाज कंटाळवाणा आहे. गवताच्या गठ्ठ्यासमोर तीन-चार पावलांवर उभं राहायचं, गठ्ठ्यावर कागद नाही, ठिपका नाही. डोळे मिटून ओढायचं, अँकर, पाठीचा ताण जाणवू द्यायचा, मग सोडायचं. काही आठवडे फक्त हेच. मग ठिपका लावायचा, पण त्यावर नेम धरून बाण न सोडता खाली आणायचा. मी आजही सरावात अधूनमधून एक बाण मुद्दाम सोडत नाही, ओढून परत आणतो. सोडायचा की नाही हे मी ठरवणार, ठिपका नाही, याची मनाला आठवण राहते. लोक हे दोन दिवस करतात आणि "फरक पडला नाही" म्हणून सोडून देतात. दोन दिवसांत फरक पडतच नाही.

माळ्यावरचं धनुष्य तसंच ओढणं

फ्रेड बेअरचा धनुष्यांचा कारखाना १९७८ पर्यंत इथल्या ग्रेलिंग गावात होता, त्यामुळे मिशिगनमध्ये गॅरेजा-गॅरेजांतून जुनी रिकर्व्ह निघतात. सुंदर असतात, पण पन्नास उन्हाळे पाहिलेली असतात. दोरी चढवण्याआधी कापसाचा बोळा दोन्ही लिम्बवरून सावकाश फिरवा. फायबरग्लासला बारीक तडा असेल तर कापसाचे तंतू अडकतात. थरांच्या जोडावर पांढुरकी रेघ दिसली तर ते धनुष्य भिंतीवर शोभेला लावा.

आणि दोरी डॅक्रॉनचीच, म्हणजे थोड्या ताणणाऱ्या पॉलिएस्टर धाग्याची. हल्लीच्या न ताणणाऱ्या दोऱ्यांचा धक्का सोसेल अशी जुन्या धनुष्यांची टोकं बनवलेलीच नव्हती. एका दुकानाने वडिलांच्या आठवणीच्या धनुष्याला अशी आधुनिक दोरी लावून दिलेली मी पाहिली आहे. थोड्याच दिवसांत वरचं टोक चिरलं. ते भरून मिळत नाही.

दोरी चढवायला स्ट्रिंगर (लिम्ब वाकवायची वेगळी दोरी) वापरा. पाय घालून, मांडीवर वाकवून चढवली की लिम्ब पिळतो, आणि निसटला तर डोळा जातो. ऊन लागलेल्या गाडीत धनुष्य ठेवू नका. बाण न लावता दोरी कधीच सोडू नका.

बाकीच्या, पण सोडून द्यायच्या नाहीत अशा

चष्मा: प्रोग्रेसिव्ह काचा घालून मान वळवली की तुम्ही काचेच्या कडेतून बघता, तिथे सगळं वाकडं दिसतं. नुसता लांबचा नंबर असलेला वेगळा चष्मा करून घ्या.

बाणाचा स्पाइन (ताठपणा) धनुष्याच्या पाउंडांशी जुळवा, लिम्ब बदलले की बाणही तपासा. कार्बनचा बाण आदळला असेल तर कानाजवळ धरून हलका वाकवा. करकर ऐकू आली तर मोडून टाका.

अंतर: रिकर्व्हचा बाण सेकंदाला साधारण १७० फूट जातो, दोरीचा आवाज ११०० फूट. वीस यार्डांवर आवाज हरणापर्यंत बाणाच्या आधी पोचतो आणि ते खाली दबतं. रेंजवर तीस यार्डांवरून बाण छान जवळजवळ लागत असले तरी जंगलात पंधरा, फार तर वीस.

मिशिगनमध्ये १ जानेवारी १९६० ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना शिकारीच्या लायसन्ससाठी हंटर सेफ्टीचा (सुरक्षित शिकारीच्या शिक्षणाचा) दाखला लागतो. भारतातून आलेले अनेक जण हे सप्टेंबरच्या शेवटी शोधतात. आणि भारतात असाल तर शिकारीचा भाग वाचून सोडून द्या. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा आहे. रबरी प्राण्यांचे थ्रीडी टार्गेट लावा, सराव तोच होतो आणि कोणाला इजा होत नाही.

ट्री स्टँडवर (झाडावरच्या मचाणावर) चढताना हार्नेसची (अंगाला बांधायच्या सुरक्षा-पट्ट्याची) दोरी जमिनीवरूनच अडकवा, वर पोचल्यावर नाही. पडणारे बहुतेक जण चढता-उतरतानाच पडतात. धनुष्य हातात घेऊन शिडी चढू नका, दोरीने मागून वर ओढून घ्या. कोणत्या झाडावर आहात आणि किती वाजता परत येणार, हे घरी सांगून जा.