चार मोबाइल, बत्तीस मुलं: तिसरी-चौथीच्या वर्गात एआर-व्हीआर खेळ

प्राथमिकच्या वर्गात व्हीआरचा हेडसेट, म्हणजे डोळ्यांवर लावला की आपण चित्राच्या आतच आहोत असं वाटायला लावणारा चष्मा, सगळ्यात शेवटी आणावा. सुरुवात एआरने करावी, म्हणजे मोबाइलच्या कॅमेऱ्यातून पाहिलं की समोरच्या कागदावर चित्र उभं राहतं, त्या खेळांनी. मेटा क्वेस्ट या व्हीआर हेडसेटसाठी कंपनीचीच किमान वयाची अट दहा वर्षं आहे, तीही पालकांच्या देखरेखीतल्या खात्यासाठी. म्हणजे तिसरी-चौथीची बहुतेक मुलं त्यात बसतच नाहीत. पुठ्ठ्याचा कार्डबोर्ड, म्हणजे आत मोबाइल ठेवून दोन भिंगांतून बघायचा डबा, स्वस्त असतो, पण त्याची भिंगं मोठ्या माणसाच्या डोळ्यांच्या अंतराने, साधारण ६० ते ६४ मिलिमीटरवर बसवलेली असतात. आठ वर्षांच्या मुलाच्या दोन बाहुल्यांमधलं अंतर त्याहून कमी भरतं. म्हणून मूल "दोन-दोन दिसतंय" म्हणालं, तर ते खोटं बोलत नसतं.

एआरसाठी दोन गोष्टी पुरतात. एक, क्विव्हरसारख्या ॲपची रंगवायची पानं. काही मोफत मिळतात. दुसरी, मर्ज क्यूबचा कागदी ठोकळा. त्याच्या प्रत्येक बाजूवर खुणा छापलेल्या असतात, आणि ॲपच्या कॅमेऱ्यातून पाहिलं की ठोकळ्याच्या जागी वस्तू दिसते. तो २०० ते २५० जीएसएमच्या, म्हणजे जाडसर कागदावर छापा, घड्या पट्टीने दाबून घाला आणि फेव्हिकॉल रात्रभर वाळू द्या. घाईत चिकटवलेला ठोकळा मुलांच्या हातात वाकडा होतो, आणि वाकड्या बाजूवरची खूण कॅमेऱ्याला ओळखू येत नाही. या ॲप्समधला काही भाग वर्गणी भरल्याशिवाय उघडत नाही. त्यामुळे जो पाठ घ्यायचा तो आदल्या दिवशी चारही मोबाइलवर एकदा पूर्ण उघडून बघा. तसं केलं की बहुतेक मजकूर मोबाइलमध्ये उतरलेला असतो. मग विमान मोड लावून तोच पाठ पुन्हा चालवा. ऐन तासाला नेट गेलं तर काय होईल, ते तेव्हाच कळतं.

त्याच वेळी सेटिंगमधून ॲप पिनिंग चालू करा, म्हणजे पडद्यावर तेवढं एकच ॲप राहतं. मुलाच्या हातात मोबाइल असताना वर व्हॉट्सॲपचा निरोप झळकला, की पुढची पाच मिनिटं गेलीच. मुलांच्या नावाने खाती उघडू नका. २०२३च्या वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्यांसाठी पालकांची पडताळलेली संमती मागितली आहे. खातं लागतच असेल, तर शिक्षकाच्या नावाने एकच ठेवा.

आता तास. चाळीस मिनिटं, बत्तीस मुलं, आठ-आठचे चार गट. पहिल्या आठ मिनिटांत मोबाइल बाहेर काढायचा नाही. विषय हृदयाचा असेल तर प्रत्येकाने आपल्या मनातलं हृदय वहीत पेन्सिलीने काढायचं. बदामाच्या आकाराची बरीच निघतील, निघू द्या. नंतर एका वेळी एकच गट मोबाइलजवळ येईल, एका मोबाइलवर दोघं. एकाने ठोकळा धरायचा, दुसऱ्याने मोबाइल, आणि दोन मिनिटांनी अदलाबदल. चार मिनिटांचा खेळ आणि एक मिनिट बदलीला, अशा चार पाळ्या वीस मिनिटांत होतात. बाकीच्या गटांना मनगटावर नाडी मोजणं, मूठ आवळून हृदयाच्या आकाराचा अंदाज घेणं, मातीचं हृदय करणं अशी कामं द्या. उरलेल्या बारा मिनिटांत पहिलं चित्र न खोडता त्याच्यावरच लाल पेनाने दुरुस्ती करायची. मूल काय शिकलं ते या लाल रेघांत दिसतं, खेळातल्या गुणांत दिसत नाही. घड्याळ आणि गुण असलेले खेळ टाळलेलेच बरे. मुलं बघायचं सोडून बोटं चालवत बसतात.

चित्र हलतंय किंवा गायब होतंय? बहुतेकदा मुलाची बोटं ठोकळ्यावरच्या खुणा झाकत असतात. दोन समोरासमोरचे कोपरे चिमटीत धरायला सांगा. मोबाइल वीतभर ते दीड वीत लांब हवा. रंगवलेलं पान ओळखलं जात नसेल तर मुलाने जाड काळ्या रंगाने छापील रेघा बुजवल्यात का ते पाहा. मेणखडूच्या जाड थरावर ट्यूबलाइट चमकते, तेव्हा पान खिडकीच्या उजेडाकडे वळवा. कॅमेऱ्यात पानाचे चारही कोपरे यायला हवेत. उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत मोबाइल तापून पडदा मंद होतो; मोबाइलचं कव्हर काढून ठेवा आणि खेळताना चार्जिंगला लावू नका.

कार्डबोर्ड वापरायचाच असेल तर आधी मोबाइलमध्ये जायरोस्कोप, म्हणजे मोबाइल कुठे वळला ते ओळखणारा सेन्सर, आहे का ते तपासा. यूट्यूबवर ३६० अंशांचा व्हिडिओ लावून मोबाइल धरून जागेवर गोल फिरा. चित्र तुमच्याबरोबर फिरलं नाही, तर बहुधा तो सेन्सर नाही. बऱ्याच स्वस्त मोबाइलमध्ये तो नसतो. मोबाइलचा आकारही पाहा, कार्डबोर्डची दुसरी आवृत्ती सहा इंचापर्यंतच्या मोबाइलसाठी होती. जुन्या लेखांत गूगल एक्सपिडिशन्स या व्हीआर सहलींच्या ॲपचा सल्ला सापडेल, पण ते २०२१मध्ये बंद झालं.

कार्डबोर्डच्या खेळात एकच मोबाइल असणं फायद्याचं ठरतं. चौथीच्या शिवछत्रपतींच्या पुस्तकासोबत रायगडाचं ३६० अंशांचं स्थिर छायाचित्र घ्या. एक मूल बघतं आणि बोलतं, बाकीचे सात फक्त ऐकून नकाशा काढतात. प्रश्न आधीच फळ्यावर हवा: कोणत्या बाजूला तट दिसत नाही, आणि तिथे तो का लागला नसेल? "तिकडे कडाच आहे, खाली काहीच नाही" हे मुलानेच सांगू दे. नुसतं "भारी दिसतंय" म्हणणाऱ्याला गट स्वतःच विचारतो, "उजवीकडे काय आहे ते सांग ना!"

बघणारं मूल सतरंजीवर मांडी घालून बसलेलं असावं, वेळ फार तर दोन-तीन मिनिटं. डोक्याला पट्टा बांधू नका. हातात धरलं की मूल मान सावकाश वळवतं आणि कंटाळलं की आपोआप खाली ठेवतं. पळत्या कॅमेऱ्याचे, रोलर कोस्टरचे व्हिडिओ नकोत. डोळे हालचाल सांगतात, आतला कान शरीर स्थिर असल्याचं सांगतो, आणि या भांडणात मळमळ सुरू होते. मूल जांभया देऊ लागलं, गप्प झालं, कपाळाला घाम आला की लगेच थांबवा. फिट येणाऱ्या मुलांची नावं पालकांकडून आधीच विचारून घ्या, त्यांना यात बसवू नका. एखाद्या मुलाला प्रत्येक वेळी दोन चित्रं दिसत असतील, तर पालकांना डोळे तपासून घ्यायला सांगा.

पुठ्ठा कपाळाचा घाम शोषतो, म्हणून तिथे रुंद पारदर्शक चिकटपट्टी लावा आणि प्रत्येक मुलानंतर पुसा. भिंगं मात्र कोरड्या मऊ कापडानेच. गावात डोळ्यांची साथ असेल त्या आठवड्यात कार्डबोर्ड कपाटातच राहू द्या. ठोकळ्याचे तास चालू ठेवायला हरकत नाही, फक्त मुलांनी हात धुऊन यावं.