संख्या सिद्धांत शिकताना या चुका टाळा : प्रमेयाची अट सुटली की उत्तर चुकते

नाशिकजवळच्या देवळालीत शाळाशिक्षक असलेले दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांचा ६१७४ हा स्थिरांक आपल्याकडच्या विद्यार्थ्यांना ऐकून माहीत असतो. चार अंकी संख्येचे अंक आधी उतरत्या आणि मग चढत्या क्रमाने लिहून वजाबाकी करीत गेल्यास जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येते. तरीही २१११ ही संख्या दिली की काहींचे उत्तर शून्य येते. २१११ मधून १११२ वजा केल्यावर ९९९ उरतात आणि पुढे ते ९९९ मधून ९९९ वजा करून मोकळे होतात. वास्तविक ती संख्या ०९९९ अशी धरावयाची असते; मग ९९९० वजा ०९९९ म्हणजे ८९९१, आणि पुढे ८०८२, ८५३२ व ६१७४ असा क्रम लागतो. सगळे अंक सारखे नसावेत आणि शून्यासह चार अंक कायम राहावेत, या अटी पाळल्या तरच कापरेकरांचे विधान खरे ठरते. पदवीच्या पहिल्या संख्या सिद्धांताच्या अभ्यासक्रमातील बहुतेक चुकाही मला याच जातीच्या वाटतात.

सर्वांत महाग पडणारी चूक कॉन्ग्रुअन्समध्ये, म्हणजे दोन संख्यांना एका ठरावीक संख्येने (मॉड्युलसने) भागल्यावर सारखीच बाकी उरते, त्या समशेष आहेत, असे सांगणाऱ्या विधानात (चिन्ह ≡), दोन्ही बाजूंना भागण्याची आहे. ६क ≡ १५ (मॉड २१) हे उदाहरण घ्या. दोन्ही बाजूंना ३ ने भागून २क ≡ ५ (मॉड २१) असे लिहिणाऱ्याला क = १३ एवढे एकच उत्तर मिळते आणि ते ताळ्यात बरोबरही ठरते, म्हणून चूक लक्षातच येत नाही. मात्र ६ आणि २० हीसुद्धा उत्तरे आहेत. ३ आणि २१ यांचा मसावि ३ असल्यामुळे मॉड्युलसलाही ३ ने भागावे लागते. त्यामुळे २क ≡ ५ (मॉड ७), म्हणजेच क ≡ ६ (मॉड ७), असे मिळते. मॉड्युलस तसाच ठेवून भागण्याची मुभा भाजक त्याच्याशी सहमूळ असतानाच आहे. सोडवण्यापूर्वी क च्या सहगुणकाचा आणि मॉड्युलसचा मसावि काढून ठेवावा : त्याने उजव्या बाजूला निःशेष भाग जात असेल, तर सुरुवातीच्या मॉड्युलसमध्ये नेमकी त्या मसाविएवढीच उत्तरे असतात, जात नसेल, तर एकही नसते.

घातांकाची गफलतही वरचेवर दिसते. ३ च्या १०० व्या घाताला ७ ने भागल्यावर उरणारी बाकी काढताना घातांक ७ ने कमी करून २ घेतला, तर उत्तर २ येते, आणि ते चुकीचे आहे. मूळ संख्येने भाग न जाणाऱ्या संख्येचा, त्या मूळ संख्येहून एकने कमी असलेला घात घेतल्यास बाकी १ उरते, हे फर्माचे प्रमेय आहे; त्यानुसार ३ चा सहावा घात १ शी समशेष असल्यामुळे घातांक ६ ने कमी करावयाचा असतो. १०० ला ६ ने भागून ४ उरतात, आणि ८१ ला ७ ने भागून बाकी ४ येते.

याच प्रमेयाचा व्यत्यास, म्हणजे अशी बाकी १ उरली की भाजक मूळ संख्याच असतो, हे गृहीत धरू नये. २ च्या ३४० व्या घाताला ३४१ ने भागल्यास बाकी १ उरते, तरी ३४१ ही मूळ संख्या नाही. ती ११ आणि ३१ यांचा गुणाकार आहे.

मूळ संख्या अनंत आहेत हे दाखवणाऱ्या युक्लिडच्या सिद्धतेचा अर्थही अनेक जण थोडा वाकवतात. पहिल्या काही मूळ संख्यांच्या गुणाकारात १ मिळवून मूळ संख्याच मिळते, असे सिद्धता म्हणत नाही. त्या बेरजेचा प्रत्येक मूळ विभाजक यादीबाहेरचा असतो, एवढेच ती सांगते. २ पासून १३ पर्यंतच्या मूळ संख्यांच्या गुणाकारात १ मिळवल्यास ३००३१ येतात, आणि ते ५९ गुणिले ५०९ आहेत.

संगणकावर ताळा पाहणाऱ्यांनी ऋण संख्यांबाबत सावध राहावे. भागाकाराच्या प्रमेयात बाकी कधीही ऋण नसते, म्हणून –१७ ला ५ ने भागल्यावर बाकी ३ आहे. पायथॉनमध्ये ३ च मिळतात. सी आणि जावामध्ये मात्र –२ येतात, आणि तेथे त्यात ५ मिळवून घ्यावे लागतात.