खाणीशेजारची शेती: पहिल्या पावसाआधी पाण्याची पारख

पहिला जोरदार पाऊस पडला की ओढा वाहू लागतो, आणि इतके दिवस तहानलेल्या रानासाठी हात आपोआप मोटरीच्या बटणाकडे जातो. कोळसा खाणीच्या उताराखाली ज्यांची जमीन आहे, त्यांनी त्या दिवशी हात आवरावा. तिथल्या ओढ्यात वर्षातलं सर्वांत वाईट पाणी बहुतेक वेळा याच दिवसांत वाहतं.

त्याचं कारण खाणीतून काढून टाकलेल्या मातीच्या ढिगांत आहे. कोळशात आणि त्याच्या आजूबाजूच्या खडकात पायराइट नावाचं लोह-गंधकाचं खनिज असतं. जमिनीखाली हवा पोचत नाही तोवर ते स्वस्थ पडून राहतं. खोदून वर टाकलं की हवा आणि ओल मिळून त्यातून गंधकाम्ल आणि लोहाचे क्षार तयार होतात. कोरड्या महिन्यांत हे क्षार ढिगाच्या अंगावर पांढरट-पिवळ्या पापुद्र्यासारखे फुटून येतात, आणि पहिल्या सरींबरोबर एकदम विरघळून खाली उतरतात. म्हणून सुरुवातीचे दोन-तीन मोठे पाऊस वाहून जाऊ द्या. शेततळ्यात ओढ्याचं पाणी घेत असाल, तर तोंडाची फळी आत्ताच नीट बसते का ते पाहून ठेवा. पाऊस सुरू झाल्यावर चिखलात ते काम होत नाही.

नितळ पाण्याला भुलू नका, हे मी सगळ्यांना पुन्हा पुन्हा सांगतो. आम्लयुक्त पाणी कित्येकदा काचेसारखं स्वच्छ दिसतं, कारण त्यात धातू विरघळलेले असतात आणि गढूळपणा तळाला बसलेला असतो. तळाचा खडा न् खडा दिसतोय, पण बेडूक नाहीत, मासे नाहीत, दगड उलटला तर खाली एकही पाणकिडा नाही, असं असेल तर संशय घ्या. बोअरच्या पाण्याची एक सोपी परीक्षा आहे. पांढऱ्या बादलीत ताजं पाणी भरून रात्रभर उघडं ठेवा. सकाळी पाणी पिवळसर तांबडं झालं आणि तळाला गेरूसारखा गाळ बसला, तर त्यात लोह आहे. पाण्यावर तेलासारखा तवंग दिसला तर काडीने हलवा. फुटलेल्या काचेसारखे तुकडे होऊन तसेच राहिले तर तो लोहाचा पापुद्रा आहे. लगेच पुन्हा एकत्र आला तर ते खरोखरच तेल आहे, आणि ते कुठून येतंय हे शोधायला हवं.

बादलीवरून नुसता अंदाज येतो, निर्णय मात्र मोजमापावरच घ्यायचा. सिंचनाच्या पाण्याचा सामू (pH; जितका कमी तितकं पाणी आम्ल) साधारणपणे 6.5 ते 8.4 असतो. 5 च्या खाली गेलेलं पाणी मी कुठल्याच पिकाला देणार नाही. तशा पाण्याने जमीन आम्ल झाली की मातीतलं ॲल्युमिनियम मोकळं होतं, मुळं आखूड आणि जाड राहतात, आणि शेतात ओल असूनही पीक कोमेजतं. सामू चांगला आहे म्हणून निर्धास्तही होऊ नका. वाटेत चुनखडी लागली तर आम्ल मरतं, पण क्षार पाण्यात तसेच राहतात. म्हणून विद्युत वाहकताही बघा; पाण्यात क्षार जितके जास्त, तितकी ती जास्त. 0.7 डेसीसीमेन्स प्रति मीटरच्या खाली काळजी नाही, 3 च्या वर मोठी काळजी. मधल्या पाण्यात पीक निवडावं लागतं: घेवडा आणि गाजराचं उत्पादन 0.7 च्या पुढेच घटू लागतं, कांद्याचं 0.8, मक्याचं 1.1, तर भाताचं 2 च्या पुढे. गहू 4 पर्यंत आणि कापूस 5 पर्यंत तग धरतो, मात्र पाण्याचा निचरा चांगला हवा.

खाणीचं सगळंच पाणी टाकाऊ नसतं. दक्षिण आफ्रिकेत विटबँकच्या कोळसा पट्ट्यात जिप्समयुक्त (जिप्सम म्हणजे कॅल्शियम सल्फेट) खाणपाण्यावर गहू आणि घेवडा घेऊन पाहिले आहेत. जिप्सम बराचसा मातीतच साका होऊन बसतो आणि मुळांना तितका जाचत नाही. सोडियम जास्त असेल तर गोष्ट वेगळी, मग जमीन घट्ट होते आणि पाणी वर तुंबतं. म्हणून प्रयोगशाळेला सोडियम, कॅल्शियम आणि सल्फेट वेगवेगळे मोजायला सांगा.

ठिबकवाल्यांनी लोहाचा आकडा आधी पाहावा. 1.5 मिलिग्रॅम प्रति लिटरच्या वर गेलं की तोट्या हमखास चोंदतात. पाणी उंचावरून टाकीत पडू द्या म्हणजे हवा मिळून लोह साकळेल, मग गाळ बसू द्या आणि वाळूच्या फिल्टरमधून घ्या.

आता विहिरीकडे. खाण कोरडी ठेवण्यासाठी पाणी सतत उपसलं जातं, त्यामुळे भोवतालची पाणीपातळी खाणीकडे उतरत जाते आणि जवळच्या विहिरी आधी बसतात. आपली विहीर कशामुळे बसली, खाणीमुळे की कमी पावसामुळे, हे नोंदीशिवाय कुणालाच पटवून देता येत नाही. काठावर रंगाची एक खूण करा. मोटर सुरू करण्याआधी, सकाळी, त्याच खुणेपासून वजन बांधलेली टेप सोडून पातळी मोजा आणि वहीत तारखेसह लिहा. पावसाळ्याआधी एकदा, नंतर दर महिन्याला. खाणीपासून दूर असलेल्या एखाद्या विहिरीचीही नोंद ठेवली तर उत्तम: पाऊस होऊन ती भरली आणि तुमची भरली नाही, तर ती वही तुमच्या बाजूने बोलते. पातळी खाली गेली म्हणून घाईने बोअर खोल करू नका. खालच्या थरातलं पाणी बरेचदा जास्त खारट असतं.

बंद पडलेल्या खाणीशेजारी उलट त्रास होतो. उपसा थांबला की काही वर्षांत पाणी वर चढतं, सखल रानं चिबडतात, जुन्या तोंडांतून तांबडं पाणी झिरपू लागतं. भूमिगत खाणीवर जमीन खचते. शेतात लांब भेग दिसली तर गुरं आणि ट्रॅक्टर दूर ठेवा.

गुरांचं पाणी वेगळं तपासा. सल्फेट 1000 मिलिग्रॅम प्रति लिटरच्या वर असेल तर वासरांना हगवण लागू शकते. घरात पिण्यासाठी तेच पाणी असेल तर शेतीचा अहवाल पुरेसा नाही, आणि उकळून धातू जात नाहीत, उलट दाट होतात.

नमुना घेताना मोटर पंधरा मिनिटं चालू द्या. स्वच्छ प्लास्टिकची बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळा, हवा राहणार नाही अशी काठोकाठ भरा, विहिरीचं नाव, तारीख आणि वेळ लिहा, सावलीत थंड ठेवून त्याच दिवशी पोचवा. धातूंच्या तपासणीसाठी दुसरी बाटली प्रयोगशाळेकडूनच आणा. तिच्यात आम्ल घातलेलं असतं, ती विसळायची नाही.