टेम्पो भरण्याआधी

नाटकाचा सेट दौऱ्यावर न्यायचा तर आधी पिना. फ्लॅट म्हणजे सेटच्या भिंतीचा सुटा तुकडा, त्या फ्लॅटला फ्लॅट जोडणाऱ्या बिजागऱ्यांच्या पिना. हे अर्ध्यात सोडणार असशील तर एवढं तरी वाचून जा: पिना टेम्पोत गेल्या पाहिजेत, पँटच्या खिशात नाही.

हिशेब बघ. दिवाणखान्याचा साधा बॉक्स सेट, दहा फूट उंचीचे ९ फ्लॅट. म्हणजे ८ सांधे, सांध्याला ३ बिजागऱ्या, एकूण २४ पिना. सेट सोडताना एका हाताने फ्लॅट धरायचा, दुसऱ्याने पिन उपसायची, आणि तिसरा हात देवाने दिलेला नाही म्हणून पिन जाते खिशात. मागच्या दौऱ्यात माझ्या खिशातल्या पिना माझ्याबरोबर लोकलने घरी आल्या. सेट रातोरात कसारा घाट चढून नाशिकला गेला आणि सकाळी मी धुतलेली पँट घालून नटमंडळींच्या बसमध्ये बसलो. पुढे बाजारातून खिळे आणले. तीन इंची खिळा बिजागरीत जातो, पण सैल बसतो, आणि दार आपटलं की वर सरकतो. दुसऱ्या अंकात नायिका दार आपटून माहेरी जाते. आम्ही दोघं अख्खा अंक भिंत पाठीमागून धरून उभे होतो. नाइट, म्हणजे प्रयोगाचे पैसे, मिळाली, पण मॅनेजरने दिली कशी ते विचारू नकोस.

म्हणून प्रत्येक पिन तिच्या फ्लॅटलाच नायलॉनच्या दोरीने बांधायची. सुतळी नको, दोन पावसाळ्यांत कुजते. पिनेचं वरचं टोक वाकवून घे, म्हणजे ती खाली गळत नाही आणि ओढायलाही सोपी जाते. जादा सहा पिना एका डब्यात, आणि तो डबा ड्रायव्हरच्या केबिनमध्ये. हत्यारांच्या पेटीत अजिबात नाही, कारण ती पेटी हटकून लेव्हलच्या, म्हणजे रंगमंचावर उंचवटा करायच्या चौथऱ्यांच्या, खाली गाडली जाते. फ्लॅटच्या पाठीवर नंबर घाल: १-२, २-३. बिजागऱ्या हाताने मारलेल्या असतात. तिसऱ्या फ्लॅटची पाचव्याशी जुळत नाही, मग कितीही ठोक.

नाट्यगृहात फोन करायचा तो दोन दिवस आधी, आणि स्वतः करायचा. मॅनेजरने केला की तो तारीख आणि भाडं विचारतो, रंगमंच किती खोल ते विचारत नाही. तू विचार: दर्शनी रुंदी किती, विंगेत जागा किती, टेम्पो मागे कुठपर्यंत येतो, दिव्यांचे बार खाली उतरतात की शिडीवर चढायचं, पडदा मोटरचा की दोरीचा. दादरला शिवाजी मंदिरात सामान वर चढवायचं असतं, तेव्हा दोन माणसं जास्त सांगून ठेव. पुण्यात बालगंधर्वला प्रयोगाच्या वेळा साडेबारा, साडेपाच आणि साडेनऊ. दुपारचं नाटक साडेतीनला सुटलं तर त्यांचा सेट निघून तुझा लागायला दोनच तास उरतात, त्यातही साडेपाचच्या आधी प्रेक्षक आत घ्यायचे असतात. त्यांचा टेम्पो दाराशी उभा असताना तुझा पुढे घुसवू नकोस. भांडण होतं आणि वेळ दोघांचाही जातो. कोकणात जत्रेच्या खुल्या रंगमंचावर प्रयोग असेल तर ब्रेसवर, म्हणजे फ्लॅटला मागून दिलेल्या टेकूवर, ठेवायची वजनं दुप्पट ने. वारा सुटला की फ्लॅट शिडासारखा फुगतो, आणि तिथे वजनाला दगड मागायला गेलास तर सगळे तुझ्याकडेच बघत राहतात.

टेम्पो भरताना जे आधी लागणार ते शेवटी चढवायचं. अपवाद फक्त लेव्हलचा, ती तळालाच. फ्लॅट उभे, रंगवलेल्या बाजू एकमेकींकडे आणि मध्ये गोधडी. फ्लॅट आडवे टाकून वर सोफा ठेवणाऱ्याला मी टेम्पोवर चढू देत नाही. जूनपासून ताडपत्री, हे सांगायला नको. पिना मोजल्या? मोठ्याने मोज, आणि एकानेच मोजायच्या. दोघांनी मोजल्या की दोघांनाही वाटतं, दुसऱ्याने मोजल्या.

विजेचं काम प्रकाशवाल्याचं, तरी एवढं तुला ठाऊक हवं. हजार वॅटचा पार दिवा २३० व्होल्टवर सव्वाचार अँपिअरच्या वर खेचतो. सोळा अँपिअरच्या सॉकेटवर तीन चालतात, चौथा लावला की साडेसतराच्या आसपास जातं. ट्रिप लगेच होईलच असं नाही, आणि धोका तिथेच आहे: वायर आतल्या आत तापत राहते. रिळाला गुंडाळलेली एक्स्टेन्शन पूर्ण उलगडून वापर. हॅलोजनच्या दिव्याला उघड्या बोटांनी हात लावू नकोस, बोटाचं तेल काचेवर राहतं आणि तिथेच दिवा फुटतो. मोठा आणि लहान प्लग जोडणारी दोन कन्व्हर्टर जवळ ठेव. ती नेहमी कुणीतरी मोबाइल चार्ज करायला घेऊन जातं.

अंगावर काळे कपडे. रबरी हातमोजे, बारीक टॉर्च, काळी कापडी टेप, पान्हा, पकड. रंगमंचावर चप्पल चालत नाही, हे मलाही मान्य. नारळ फुटताना, नांदीच्या वेळी अनवाणीच उभा राहा. पण लेव्हल उचलताना पायात बूट हवेत. आपल्याकडे भक्तीपायी किती अंगठे ठेचले असतील, रंगदेवतेलाच माहीत. बॅकस्टेजच्या जुन्या मामांना हे पटणार नाही, त्यांच्याशी वाद घालू नकोस, गुपचूप बूट घाल.

प्रॉपर्टीचं, म्हणजे प्रयोगात हाताळायच्या वस्तूंचं, टेबल दोन विंगेत दोन, त्यावर कागद चिकटवून प्रत्येक वस्तूची जागा आखलेली. जागा रिकामी दिसली की वस्तू हरवली, शोधत बसायला नको. व्हिस्कीसाठी कोरा चहा सेट लावायच्या आधी उकळून गार करायला ठेव. गरम चहा ग्लासात ओतला की वाफ येते आणि पहिल्या रांगेला दिसते. काडेपेटी दोन, एक पावसात मऊ पडते. फोनची रिंग साउंडवाल्याकडून एकदा वाजवून घे.

काळोखात सामान हलवायचं तिथे रेडियमची पट्टी लाव, आणि लावल्यावर तिच्यावर दिवा पाड. उजेड प्यायल्याशिवाय ती चमकत नाही. सकाळी लावून वर दिवसभर गालिचा टाकून ठेवलास तर रात्री काळोखात काहीच दिसणार नाही.

पोचल्यावर आधी मोकळा रंगमंच झाडून घे, मग लेव्हल, मग फ्लॅट, मग ब्रेस आणि वजनं, मग फर्निचर. फ्लॅट उभे केले की पहिली गोष्ट पिना, ब्रेस नंतर. पिनेशिवाय ब्रेसवर उभी भिंत सरळ दिसते, हाताने ढकलली तरी हलत नाही, आणि म्हणूनच फसवते. दारं स्वतः चार वेळा आपटून बघ, जोरात, नायिकेइतक्या रागाने. खिडकीतून दिसणारी मागची बाजू प्रेक्षागृहाच्या दोन्ही टोकांच्या खुर्च्यांवर बसून बघ. मधल्या रांगेतून सगळंच चांगलं दिसतं.

पहिल्या घंटेला विंगा मोकळ्या. दुसरीला मोबाइल बंद, तुझासुद्धा. तिसरीनंतर बोलू नकोस. मध्यंतरात सोफा हलवायचा असेल तर पडदा पूर्ण मिटलाय याची खात्री कर, वडापाव नंतर.

सेट सोडणं: उलट्या क्रमाने. दिवे गार होऊ दे. पिना दोरीलाच लटकत राहू देत, जादा सहा डब्यात, डबा केबिनमध्ये, मोज. खिसे तपास, दुसऱ्यांचेही. काचेचं सामान बसमध्ये. रेडियमच्या पट्ट्या काढ, नाहीतर नाट्यगृहवाले पुढच्या वेळी बोलतात. नाइटचं पाकीट सही करण्याआधी उघड. ड्रायव्हर दुपारी झोपला होता का ते त्यालाच विचार, मॅनेजरला नको. झोपला नसेल तर दोन तास तिथेच आवारात झोपू दे आणि तोवर ताडपत्रीच्या गाठी परत एकदा ओढून घे.