लाल पेटी रिकामी दिसली की घाबरा

कुपवाड एमआयडीसीतल्या मशीन शॉपमध्ये सुपरवायझर झालो त्या दिवशी मी पोरांना जमवून सांगितलं होतं, "चूक झाली तर लपवू नका. खरं सांगणाऱ्याला मी काही बोलणार नाही." अगदी मनापासून सांगितलं होतं. दोनच महिन्यांत तो शब्द मी मोडला, आणि मोडलाय हे कळायला आणखी चार महिने गेले. ज्यांच्या हाताखाली नुकतीच माणसं आलीत त्यांच्यासाठी हे लिहितोय. ती सकाळ आठवली की अजून पोटात कालवतं.

रात्रपाळीच्या पोराने इन्सर्ट, म्हणजे धातू कापणारं टोक, बदलला आणि ऑफसेट, म्हणजे मशीनला द्यायची मापाची दुरुस्ती, टाकताना अधिकच्या जागी उणे पडलं. पंपाच्या शाफ्टवर बेअरिंग बसते ती जागा 20 मायक्रॉनने, म्हणजे मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाने, कमी भरली. 64 नग गेले. सकाळी सातला मी आत शिरतोय तोवर पोरगा समोर उभा, हातात बाद मालाला लावायचा लाल टॅग, स्वतःच्या अक्षरात भरलेला. "साहेब, माझ्याकडनं झालंय." आणि मी दोन्ही पाळ्यांच्या देखत ओरडलो, "कुणाला विचारून हात लावलास?" वर एक दिवसाचा पगार कापायला लावला. नुकसानीपोटी पगार कापण्याआधी कामगाराला त्याची बाजू मांडू द्यावी लागते, कायदाच आहे तसा. तेवढंही भान मला राहिलं नाही.

त्यानंतर रिजेक्शनची, म्हणजे बाद नग टाकायची, लाल पेटी रिकामी राहू लागली. मी खूश. मालकांना आकडे दाखवले, शाबासकी घेतली.

मी अडकलो तो इथेच, म्हणून जरा सविस्तर सांगतो. इन्सर्ट झिजतो. झिजला की बाहेरचा व्यास वाढत जातो, आतलं बोअर, म्हणजे भोक, लहान होत जातं. मशीन तापलं की माप हलतं. कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, कापलं की मध्येच ब्लोहोल, हवेची पोकळी, निघतो. आमच्यासारख्या शॉपमध्ये महिन्याला थोडे तरी नग बाद होणारच. चार महिने एकही नाही, याचा अर्थ बाद नग कुठेतरी जात होते. काही भंगाराच्या ढिगात तळाला, काही चांगल्या मालाच्या पेटीत. पुण्याच्या गिऱ्हाइकाने अख्खा लॉट परत पाठवला तेव्हा आम्ही दोन दिवस एकेक शाफ्ट गेजने तपासत बसलो. तुम्ही ऑफिसात असाल तर तुमची लाल पेटी वेगळी असेल. मीटिंगमध्ये कुणालाच शंका नसणं, महिनोन् महिने एकही तक्रार वर न येणं, ही तीच पेटी. ती रिकामी दिसली की शाबासकी घेऊ नका, खाली जाऊन बघा.

हे मला दाखवलं आमच्या जुन्या सेटर मामांनी, मशीन लावून देणाऱ्या कारागिरांनी. तपासणी चालू असताना चहाच्या गाड्यावर म्हणाले, "साहेब, तुमी म्हनलासा खरं बोला. बोलला त्येचाच पगार कापलासा. मग कोण बोलतंय?"

नेतृत्वाच्या एका रविवारच्या शिबिराला मी पदरचे पैसे भरून गेलो होतो. तिथली मूल्यं फ्लेक्सवर छापून शॉपमध्ये लावलीही होती. ते पैसे वाया गेले असं मी स्पष्ट सांगतो. गुरू हवा असेल तर तुमच्याच फ्लोअरवर वीस वर्षं उभा राहिलेला माणूस शोधा. तो आपणहून येणार नाही. तुम्ही विचारायचं आणि तो बोलेपर्यंत गप्प बसायचं.

साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1924 साली बोर्डिंग काढलं, सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला जेवली. पोरांच्या तोंडात घास पडावा म्हणून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, मंगळसूत्रसुद्धा मोडलं. आमच्या भागात हे लहानपणापासून ऐकतो, पण त्याचा अर्थ मला फार उशिरा लागला. मी सांगितलेल्या मूल्याची किंमत मी त्या पोराकडून वसूल केली होती. ती माझ्या खिशातून जायला हवी होती.

कापलेला पगार मी त्याला परत दिला, आणि जिथे ओरडलो होतो तिथेच, दोन्ही पाळ्यांसमोर माफी मागितली. मग लाल टॅगवर पहिली चूक माझी लिहिली: ड्रॉइंगची जुनी आवृत्ती मीच मशीनवर दिली होती. लगेच काही बदललं नाही. माणसं बघत होती, हे किती दिवस टिकतंय. तुमच्याकडेही बघतील. धीर सोडू नका, विश्वास यायला वेळ लागतोच. एक सवय मात्र मी जबरदस्तीने लावून घेतली. वाईट बातमी आली की पहिला प्रश्न "कुणी केलं?" हा विचारायचाच नाही. "माल कुठपर्यंत गेलाय?" एवढंच. पहिले काही आठवडे जीभ आवरताना जड गेलं.

आठव्या महिन्यात रात्री दोनला फोन वाजला. तोच पोरगा. "साहेब, अकरा नग गेलेत. मशीन बंद ठेवलंय, टॅग लावलेत."

"बाकीचा माल?"

"बाजूला काढलाय."

"आलोच," म्हणालो आणि गाडीची किल्ली शोधू लागलो.