आधी एक उन्हाळा भाड्याने राहा : छत्रपती संभाजीनगरात घर घेऊ पाहणाऱ्यांसाठी

मी 1999 साली चिपळूण तालुक्यातून वाळूजच्या एका कारखान्यात नोकरीसाठी या शहरात आलो. तेव्हापासून येथे दोन घरे घेतली आणि त्यांपैकी एक विकले. आता शेंद्रा आणि बिडकीनमधील नव्या उद्योगांमुळे कोकण, खानदेश, विदर्भातून, तसेच बीड, परभणी, हिंगोलीच्या गावांमधून अनेक कुटुंबे येथे येत आहेत. भाव वाढत आहेत, तेव्हा घर लगेच घ्यावे की थांबावे, हा त्यांचा पहिला प्रश्न असतो. पाहुणेरावळे आणि मध्यस्थ बहुधा ‘लगेच घ्या’ असे सांगतात. माझा सल्ला वेगळा आहे: एक पूर्ण उन्हाळा भाड्याच्या घरात काढावा आणि मगच इसार द्यावा.

येथील भाव बातमीवर हलतात, हे आधी समजून घेतले पाहिजे. ऑरिक ही औद्योगिक नगरी शेंद्रा आणि बिडकीन मिळून सुमारे 10,000 एकरांवर आखलेली आहे. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी टप्पा डिसेंबर 2022 मध्ये सुरू झाला, आणि जुलै 2024 मध्ये टोयोटा किर्लोस्करने येथील वाहन कारखान्यासाठी राज्य सरकारशी सामंजस्य करार केला. अशी प्रत्येक घोषणा झाली की पैठण रस्ता आणि जालना रस्त्यालगतच्या प्लॉटचे सांगितले जाणारे भाव चढतात. परंतु कारखाना उभा राहून माणसे कामावर लागायला वर्षे जातात आणि वस्तीला रस्ता, पाणी, शाळा मिळायला त्याहून अधिक. गुंतवणुकीसाठी घेणाऱ्याला हा काळ परवडतो, पण ज्याला मुलांना घेऊन त्या घरात राहायचे आहे त्याला तो परवडत नाही.

भाव ठरवताना सांगितलेल्या रकमेवर विसंबू नये. त्याच वसाहतीत गेल्या वर्षभरात नोंदवलेल्या खरेदीखतांची सूची क्रमांक 2 (इंडेक्स 2), म्हणजे व्यवहाराचा गोषवारा, नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर पाहता येते. ती चार-पाच पाहिली की निदान नोंदणीतील आकडा समजतो. वार्षिक बाजारमूल्य दर, म्हणजे रेडी रेकनर, हा मुद्रांक शुल्कासाठी आहे. बाजारभाव त्याहून वेगळा असू शकतो.

आता पाण्याविषयी. माझ्या गावी वर्षाला 3,000 मिलीमीटरहून अधिक पाऊस पडतो, त्यामुळे घर पाहताना पाण्याची चौकशी करावी हे मला सुचलेच नाही. डिसेंबर 2004 मध्ये मी याच शहरातल्या सातारा परिसरात रो हाऊस घेतले. बोअरला भरपूर पाणी आहे असे विकणाऱ्याने सांगितले, आणि डिसेंबरात ते खरेही होते. मार्चअखेर बोअरचे पाणी आटले आणि जून उजाडेपर्यंत आम्ही टँकरची वाट पाहत राहिलो. पत्नीने त्या उन्हाळ्यात धुण्याचे पाणी फरशी पुसायला आणि तेच पुढे झाडांना वापरले. ते दिवस मी विसरलेलो नाही. जायकवाडीचे धरण शहरापासून सुमारे 50 किलोमीटरवर असूनही येथील कित्येक वसाहतींनी वर्षानुवर्षे काही दिवसांच्या अंतरानेच नळाचे पाणी पाहिले आहे. डिसेंबर 2020 मध्ये 1,680 कोटींची म्हणून सुरू झालेली नवी पाणी योजना पुढे 2,740 कोटींवर गेली. ‘योजनेचे पाणी येणार आहे’ या वाक्यावर घराची किंमत मोजू नये; आज त्या गल्लीत कोणत्या दिवशी, किती वेळ नळ येतो, हे शेजारच्या तीन घरांत विचारावे, आणि ते मे महिन्यात विचारावे. लातूरला स्थायिक होणाऱ्यांनाही हेच सांगेन. 2016 च्या उन्हाळ्यात त्या शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते.

मे महिन्यात घर पाहण्याचे आणखी एक कारण काळी माती आहे. ती उन्हात आकसते आणि पावसात फुगते, त्यामुळे मुरमापर्यंत न नेलेला पाया दरवर्षी हलतो. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरप्या निघालेल्या भेगा रंगाखाली काही महिने लपतात. अशा भेगा दिसल्या, तर पैसे देण्याआधी स्थापत्य अभियंत्याला घर दाखवावे.

कागदपत्रांच्या बाबतीत मराठवाडा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा काहीसा निराळा आहे, आणि बाहेरून येणारे सर्वांत जास्त येथेच फसतात. हा भाग हैदराबाद संस्थानात होता. म्हणून येथील कुळांच्या हक्कांना हैदराबादचा 1950 चा कूळ कायदा लागतो. इनामी जमिनी, देवस्थानाच्या जमिनी आणि वक्फच्या जमिनीही पुष्कळ आहेत. सातबारा पाहताना ‘इतर हक्क’ हा रकाना काळजीपूर्वक वाचावा आणि जमीन भोगवटादार वर्ग 2, म्हणजे हस्तांतरावर बंधन असलेली, असेल तर सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय पुढे जाऊ नये. आजच्या सातबाऱ्यावर काहीच दिसत नसले, तरी जुने फेरफार आणि 1954-55 चे खासरा पहाणी पत्रक, म्हणजे त्या काळची जमिनीची नोंद, काढून वकिलाकडून निदान 30 वर्षांचा शोध अहवाल घ्यावा. जमीन वडिलोपार्जित असेल तर बहिणींच्या सह्या हव्यातच. 2005 च्या दुरुस्तीनंतर मुलींचा हक्क मुलांइतकाच आहे, आणि ‘त्या काही मागणार नाहीत’ हे आश्वासन न्यायालयात टिकत नाही.

‘बाँडवर’ मिळणारा स्वस्त प्लॉट घेऊ नये, असे मी अगदी स्पष्ट सांगतो. स्टॅम्प पेपरवर लिहून नोटरी केलेल्या कागदाने मालकी मिळत नाही. गुंठेवारीतील, म्हणजे मंजुरीशिवाय गुंठ्यागुंठ्याने विकलेल्या जमिनीवरचे, घर असेल तर 2001 च्या कायद्याखाली ते नियमित झाले आहे का, हे महापालिकेच्या प्रमाणपत्रावरून पाहावे. 2021 च्या दुरुस्तीने 31 डिसेंबर 2020 पर्यंतची बांधकामे त्यात बसू शकतात. सिडकोची घरे मुळात भाडेपट्ट्यावर दिलेली आहेत, आणि वाळूजला एमआयडीसीच्या जमिनीवरील घरेही तशीच. तेथे हस्तांतराची परवानगी आणि शुल्क कोणी भरायचे, हे इसारपावतीतच लिहून घ्यावे.

नव्या प्रकल्पातील फ्लॅट घेताना महारेरा क्रमांक (गृहप्रकल्पांच्या नियामकाकडील नोंदणी) पाहावा, दर चटई क्षेत्रावर, म्हणजे घराच्या आतील वापरायच्या जागेवर, मोजावा आणि नोंदणीकृत करार होईपर्यंत किमतीच्या 10 टक्क्यांहून अधिक रक्कम देऊ नये. घर पत्नीच्या नावे घेतल्यास मुद्रांक शुल्कात 1 टक्क्याची सवलत आहे. किंमत 50 लाख किंवा त्याहून अधिक असेल तर 1 टक्का कर कापून भरण्याची जबाबदारी खरेदीदाराची असते, आणि इसाराची 20,000 रुपये किंवा त्याहून मोठी रक्कम रोखीने देऊ-घेऊ नये. निम्मी रक्कम रोख मागणारा विक्रेता आपल्याला कर्जही कमी मिळेल आणि पुढे विकताना नफाही कागदावर फुगेल अशा अडचणीत टाकतो.

विकण्याची वेळ प्रत्येकावर केव्हातरी येते, म्हणून त्याचेही सांगतो. 2019 मध्ये रो हाऊस विकायला काढले, तेव्हा पहिल्या खरेदीदाराचा आणि माझा भाव ठरला होता. पण घराचे नियमितीकरण झालेले नसल्याने बँकेने त्याला कर्ज नाकारले आणि त्याने दिलेला इसार मी परत केला. चूक माझी होती. पंधरा वर्षे मी तो अर्ज पुढे ढकलला होता. कागद आधी पूर्ण करावेत आणि मग पाटी लावावी. कापूस-सोयाबीनचे पैसे हाती आल्यावर, दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत, मुलांच्या शिक्षणासाठी शहरात घर शोधणारी शेतकरी कुटुंबे येतात. पितृपक्षात मात्र कोणी इसार देत नाही. घर 24 महिन्यांहून अधिक काळ आपले असेल तर नफा दीर्घ मुदतीचा धरला जातो, आणि 2 वर्षांत दुसरे घर घेतले किंवा 3 वर्षांत बांधले तर त्यावरील करात सूट मिळू शकते. व्यवहारापूर्वीच सनदी लेखापालाला भेटावे.

खरेदीखत झाले म्हणजे काम संपले असे समजू नये. ताबा घेताना वीज मीटरचे वाचन दोघांच्या सहीने लिहून ठेवावे, मालमत्ता कर आणि पाणीपट्टीची थकबाकी नसल्याची पावती मूळ प्रतीत घ्यावी, आणि सातबारा किंवा मालमत्ता पत्रकावर आपले नाव लागेपर्यंत दर पंधरा दिवसांनी संबंधित कार्यालयात जावे. माझ्या दुसऱ्या घराला त्यासाठी सात महिने लागले, आणि प्रत्येक खेपेला अर्जाची पोच सोबत होती.